भोयेकाकांच्या खिशातला लोहचुंबक

मला एक सवय लागली आहे आणि ती आता जायची नाही. कुणाच्या घरी गेले, कुणी "बसा ना" म्हणालं, की टेकण्याआधी माझा हात खुर्चीच्या खाली जातो. बोटं फिरतात, काहीतरी चाचपतात, मगच मी बसते. मागे पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही वाणगावला गेलो होतो. मुलाच्या आईने अंगणात हौसेने नव्या विणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या, तपकिरी, वरून अगदी वेताच्या वाटाव्यात अशा. मी खाली हात घातला, बोटांना पिना लागल्या, आणि तोंडातून निघूनच गेलं, "या दोन पावसाळेसुद्धा काढायच्या नाहीत." आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. स्थळ जमलं म्हणून बरं, नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

ही सवय भोयेकाकांची. त्यांनी ती मला लावली आणि स्वतः एकदाच मोडली. त्या एका वेळेबद्दल लिहायचं म्हणून मी चार दिवस बसते आहे. बसले की उठावंसं वाटतं. गॅसवर काही ठेवलंय का, गच्चीचं दार लावलंय का, असं काहीबाही आठवतं आणि मी उठते. आज उठणार नाही असं ठरवलं आहे.

रघुनाथ भोये आमच्या डहाणूच्या सरकारी कचेरीत माझ्या आधीपासून होते. पद खुर्ची विणकराचं. हसू नका, असं पद खरंच होतं. पूर्वी साहेबांपासून कारकुनांपर्यंत सगळे वेताच्या जाळीच्या खुर्च्यांवर बसत, जाळ्या फाटत, आणि त्या पुन्हा विणायला एक माणूस ठेवलेला असे. ती जागा बहुतेक वेळा डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला मिळे. काकांचे डोळे लहानपणीच तापात गेले. गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला, घरी भात आणि नाचणीची शेती. आंधळ्या पोराला शेतात काय काम द्यायचं, म्हणून बापाने मुंबईच्या एका संस्थेत नेऊन सोडलं, तिथे ते वेत विणायला शिकले. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही. विचारलं तर म्हणत, "माझं काय विचारतेस, बाय? खुर्चीचं विचार."

मी नोकरीला लागले तेव्हा काका मागच्या व्हरांड्यात जमिनीवर बसलेले असत. समोर खुर्ची उलटी, बाजूला बादलीत वेत भिजत घातलेला, आणि हात असे चालत की बघणाऱ्याला धाप लागावी. मग काळ्या, चाकांच्या फिरत्या खुर्च्या आल्या. दर वर्षी दहा-बारा येत गेल्या, वेताच्या मागच्या खोलीत जाऊन पडत गेल्या, आणि एक दिवस काकांच्या हातांना कामच उरलं नाही. पगार चालू होता. एखाद्याला हे सुख वाटेल. आमच्याकडे दोघेजण याच सुखात निवृत्त झाले. काकांना ते सोसवेना.

त्यांचे हात गप्प बसत नसत. टेबलावर फायलींच्या फिती ठेवल्या की दहा मिनिटांत त्यांची वेणी झालेली असे. फोनच्या वायरीला गाठी पडत. एकदा मी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून जेवायला गेले, परत येऊन बघते तर शालीच्या सगळ्या दशांच्या बारीक वेण्या घातलेल्या. मी चिडले तर म्हणाले, "तुझ्या शालीचे दोन धागे सुटले व्हते, ते आत घेतले." ते खरंही होतं. हात मोकळे सापडले नाहीत तर ते व्हरांड्यात फेऱ्या मारत. बत्तीस पावलं जायची, बत्तीस यायची. काठीचा आवाज दिवसभर कानात वाजत राहायचा आणि आमची बेरीज चुकायची.

"काका, बसा की जरा," मी म्हणायची.

"बसून काय करू? हातांना काय सांगू?"

त्यांच्या या हातांनी एकदा अख्ख्या कचेरीला कामाला लावलं. मागच्या खोलीतल्या अठ्ठावीस खुर्च्या भंगारात काढायच्या ठरल्या. यादी झाली, 'सर्व नग मोडके, वापरण्यास अयोग्य' असा शेरा झाला, सह्या झाल्या. लिलावाच्या आदल्या दिवशी साहेबांनी खोली उघडली तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खुर्च्या धडधाकट, नव्या वेताने कसून विणलेल्या. चार महिने काका रोज त्या खोलीत जात होते आणि आम्हाला वाटत होतं, झोपायला जातात.

"भोये, या मोडक्या खुर्च्या होत्या ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हत्या साहेब. आता नाय."

"वेत कुठून आणला?"

"घरून."

आता कागदावर खुर्च्या मोडक्या आणि खोलीत चांगल्या. चांगली वस्तू भंगारात काढली म्हणून आक्षेप निघणार, याची साहेबांना धडकी भरली. कुणीतरी हुशारी करून म्हणालं, जाळ्या कापून टाकू, म्हणजे कागद खरा होईल. हे काकांच्या कानावर गेलं मात्र, ते त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पाणी प्यायलाही हलले नाहीत. शेवटी लिलाव रद्द झाला आणि यादी फाईलमध्ये गेली. आम्ही हसलो खूप. पण त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या काकांचा चेहरा मला आठवतो, आणि आम्ही हसायला नको होतं असं आता वाटतं.

माझं स्वतःचं खुर्चीचं शिक्षण झालं तलासरीला. सरावलीच्या आमच्या घरावर गच्ची काढली तेव्हा तिथे ठेवायला दोन खुर्च्या आणि एक टेबल घ्यायचं होतं. हायवेला लागून तशी दुकानं आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये, पुढे विणलेले झोपाळे टांगलेले. ट्रक गेला की झोपाळे आपोआप हलतात. काका शनिवारी एसटीने गावी जात, म्हटलं, त्यांनाच घेऊन जाऊ. डोळस माणसाने आंधळ्याला वस्तू बघायला न्यावं याचं ह्यांना फार हसू आलं होतं.

दुकान किरीटभाईंचं. काकांनी पहिल्या खुर्चीला हात लावला, काठी माझ्या हातात दिली आणि खुर्ची सरळ उलटी केली, चारी पाय वर.

"अरे काका, आ शुं करो छो? बेसी तो जुओ!" किरीटभाई धावत आले.

"बसून कळलं असतं तर हिनं मला कशाला आणलं असतं?" काका म्हणाले. मग मला, "वरून सगळ्याच खुर्च्या चांगल्या घरच्या असतात, बाय. खाली हात घाल."

त्यांनी माझा हात धरून खुर्चीच्या पोटाखाली फिरवला. प्लास्टिकची पट्टी जिथे संपते तिथे टोक कसं दाबलंय ते बघायचं. विणीत आत घेतलं असेल तर बरं. पिन ठोकली असेल तर ती पिन आधी गंजते, मग सुटते, मग साडीला ओढते. पट्टीवर नखाने जोरात ओरखडा काढायला लावला. "पांढरं निघालं का?" निघालं होतं. "म्हंजे रंग वरून दिलाय. दोन उन्हाळ्यांत पिठासारखा उडल." मग कोपरा. सरळ वीण कुणालाही येते, म्हणाले, आळस कोपऱ्यात सापडतो, तिथे पट्ट्या विरळ होतात आणि आतला पाइप बोटाला लागतो. अंगठ्याने वीण बाजूला सरकते का, पायांना बुचं आहेत का, जोडाला वेल्डिंग सगळीकडून फिरवलंय की दोन ठिकाणी नुसतं टेकवलंय. खुर्ची सरळ करून फरशीवर ठेवली आणि चारी कोपरे दाबून बघितले.

मग बोटाच्या पेराने पाइपवर टिचकी मारली आणि कान लावला. सगळ्यात शेवटी शर्टाच्या खिशातून एक काळा गोल लोहचुंबक काढला, कचेरीतल्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढून घेतलेला, आणि पायाला लावला. खट्‌कन चिकटला.

"लोखंड. इथं तलासरीला चालंल. तू राहतेस सरावलीला, दर्याचा वारा येतो. नरपडला तर दर्या दारातच, नावच नको. ॲल्युमिनम पाहिजे. त्याला हा चिकटत नाय, पडतो."

चार खुर्च्या नापास झाल्या. पाचवीच्या पायावरून चुंबक टप्‌कन खाली पडला. काका म्हणाले, "चालंल." त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती मी कधी ऐकली नव्हती. जेवण उत्तम असलं तरी चालंल, साहेब देवमाणूस असला तरी चालंल. तशा दोन घेतल्या, त्या अजून आमच्या गच्चीवर आहेत, एक पट्टी सुटलेली नाही.

मी ही गोष्ट कचेरीत सांगितली आणि काकांना रविवारी काम लागलं. नरपडपासून पुढे किनाऱ्याने चिकूच्या वाड्यांत तेव्हा जो तो पाहुण्यांसाठी खोल्या काढत होता, झाडाखाली खुर्च्या मांडत होता. लोक काकांना गाडीत घालून नेऊ लागले. काका चहा घेत, कुणी दिले तर चिकू घेत, बाकी काही घेत नसत. दुकानदारांनी त्यांची धास्ती घेतली होती. काठीचा आवाज ऐकला की पुढचा माल मागे जाई आणि मागचा पुढे येई, असं किरीटभाईच सांगत. पण मला एक दिसत होतं की व्हरांड्यातल्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. सोमवारी काका कचेरीत येत ते ताठ मानेने येत.

आता ती गोष्ट.

माझी नणंद माधुरीताई नरपडला असते. भावजी गेल्यावर चिकूची वाडी तिने एकटीने सांभाळली आणि मग धीर करून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. समोर समुद्र. सगळं त्यावरच चाललेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिला झाडांखाली मांडायला बारा खुर्च्या हव्या होत्या. "वहिनी, तुमच्या काकांना विचारा ना. ते हो म्हणतील त्या मी डोळे मिटून घेईन," ती म्हणाली. मी काकांना घेऊन किरीटभाईंकडे गेले. ताईला त्या दिवशी पाहुणे होते, ती आली नाही.

काकांनी नेहमीसारखी खुर्ची उलटी केली. बोटं फिरायला लागली आणि मध्येच अडखळली. पुन्हा मागे गेली. पट्टीचं टोक जिथे संपत होतं तिथे ते कितीतरी वेळ चाचपत राहिले. टोक दोनदा खालून नेऊन तिसऱ्यांदा स्वतःच्याच वेढ्याखाली दाबलेलं होतं. ही काकांची पद्धत. आमच्या कचेरीतली प्रत्येक खुर्ची अशीच संपायची.

"ही कुणी विणली?"

"मागे एक बाई आहे," किरीटभाई म्हणाले. "सुनंदा."

ती आली. तिशीची, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. काकांना बघितलं आणि खाली वाकून पायाला हात लावला. काकांच्या गावी शेजारच्या घरची पोर. सुट्टीवर गेले की अंगणात बसवून काकांनी तिला उरलेल्या वेताने विणायला शिकवलं होतं. लग्न होऊन गेली, महिन्यापूर्वी परत आली, आता इथे एका खुर्चीमागे ठरलेल्या मजुरीवर विणते, असं तिनेच सांगितलं. काका तिच्या बोटांवरून हात फिरवत होते. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

किरीटभाई मोकळा माणूस. म्हणाले, "काका, खरं सांगतो. ही ऑर्डर लागली तर हिला ठेवतो. नायतर बाहेरून तयार माल आणतो, मला स्वस्त पडतो. हिचं काम पक्कं आहे, पण पक्कं काम घेतो कोण?"

सुनंदा पदराने हात पुसत उभी राहिली.

काकांनी कोपरे बघितले, वीण बघितली, पट्टीवर नख ओढलं. सगळं उत्तम होतं. मग पाइपवर टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली. मी समोरच उभी होते, त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खिशात शिरला, तिथे घुटमळला. आणि रिकामा बाहेर आला.

"चांगली हाय," काका म्हणाले.

चालंल नाही म्हणाले. चांगली हाय म्हणाले.

मी काहीच विचार केला नाही असं लिहायला मला आवडेल. पण मी केला. चुंबक काढला नाही हे मी बघितलं. मनात आलं, विचारावं. लगेच मनात आलं, त्यांना आवाजावरून कळलं असेल. मग मनात आलं, एवढ्या माणसांसमोर काकांना कसं विचारायचं. मग किरीटभाईंनी चहा मागवला आणि मी चहा घेतला. बारा खुर्च्या टेम्पोत चढल्या.

मे महिन्याच्या अखेरीला काका निवृत्त झाले. आम्ही शाल-श्रीफळ ठेवलं, मंडपवाल्याकडून लाल मखमलीची खुर्ची आणली. सगळे वाट बघत होते की काका आता ही खुर्ची उलटी करणार. साहेबांनी भाषणात तसं बोलूनही दाखवलं, लोक हसले. काका गुपचूप जाऊन खुर्चीत बसले. खाली हातही घातला नाही. शालीच्या दशा बोटांत घेऊन वेणी घालत राहिले, सोडत राहिले, पुन्हा घालत राहिले. त्या पावसाळ्यात मी तीन वेळा नरपडला गेले, काही ना काही कारण काढून, आणि प्रत्येक वेळी आधी खुर्च्यांकडे बघितलं. पट्टी कोरी करकरीत होती. आत काय चाललंय ते वरून दिसत नव्हतं.

गणपतीनंतर विणीतून तपकिरी पाणी गळायला लागलं. पाहुण्यांच्या कपड्यांना डाग पडले. नवरात्रात मुंबईहून आलेल्या एक आजी संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांच्या खुर्चीचा पाय आतून गंजून मोडला आणि त्यांचं मनगट मोडलं. ताईने त्यांना दवाखान्यात नेलं, रात्रभर तिथे थांबली, त्यांच्या मुलाची बोलणी खाल्ली. मग एकामागून एक लोकांचे फोन येऊ लागले, आमचं यायचं रद्द करा म्हणून. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती आणि दोन्ही खोल्या रिकाम्या.

"वहिनी, काकांनी बघितल्या होत्या ना?" ताईने फोनवर विचारलं. "तुम्ही होता ना तिथे?"

"होते," मी म्हटलं. चुंबकाचं सांगितलं नाही.

मी काकांना निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच, एसटी आणि रिक्षा बदलत, विचारत विचारत नरपडला आले. मी आधीच जाऊन बसले होते. मोडकी खुर्ची अंगणात पडली होती. काकांनी तिला हात लावला नाही. उभ्यानेच बोलले.

"पोरी, मला कळलं व्हतं. टिचकी मारली तेव्हाच कळलं लोखंड हाय. चुंबक मी काढलाच नाय. काढला असता तर चिकटला असता आणि मग बोलावं लागलं असतं. रंगाचा थर जाड व्हता, मनाला म्हटलं, टिकल. माझं मन मला फसवत व्हतं आणि ते मला ठाऊक व्हतं."

"का पण?" ताई ओरडली. "का केलंत असं? मी तुमच्या भरवशावर होते!"

सुनंदाचं नाव काकांनी घेतलं नाही. "चुकलो," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "वीण चांगली हाय, ती वाया जाणार नाय. फ्रेम मी आणतो. मला पाच रविवार दे."

मीही तिथेच होते. मलाही बोलता आलं असतं की चुंबक खिशात राहिला हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्या दुकानात ताईचे डोळे म्हणून मीच होते. मी बोलले नाही. ताईला हे अजून माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल, आणि ती जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.

फ्रेम आल्या, ॲल्युमिनमच्या, बारा. कुठून आणि कशा, ते काकांनी मला विचारू दिलं नाही. पहिल्या दोन रविवारी सुनंदाही आली होती. ती का येते हे ताईने विचारलं नाही, पण तिने काकांच्या बरोबरीने जमिनीवर बसून गंजक्या सांगाड्यांवरून पट्टी उलगडायला घेतली तेव्हा ताई खिडकीत उभी राहून बराच वेळ बघत होती. उलगडलेली पट्टी बादलीत धुवायची, सावलीत वाळवायची, नव्या फ्रेमवर पुन्हा विणायची. काका सकाळच्या पहिल्या गाडीने येत आणि अंधार पडायच्या आत निघत. मी मध्ये मध्ये जाऊन बसायची आणि माझ्याने बसवायचं नाही. उठून विहिरीकडे जायची, परत यायची. काका म्हणायचे, "बाय, तुझं काय चाललंय? मी फेऱ्या मारायचो तेव्हा तू वैतागायचीस."

ताई त्यांच्याशी बोलत नव्हती. चहा आणून ओट्याच्या कडेला ठेवायची, कप आपटून, म्हणजे त्यांना कळावं. पूर्वी तिच्या तोंडी प्रत्येक वाक्याला काका असायचं. आता "चहा ठेवलाय" एवढंच. काका हाताने अंदाज घेत कप शोधायचे. एकदा लवंडला. ताईने दुसरा आणून ठेवला, तोही न बोलता.

पाचव्या रविवारी बाराही खुर्च्या झाल्या. त्यानंतर काका मला भेटलेले नाहीत. गावी असतात, फोन केला तर बोलतात, पलीकडून काहीतरी विणल्याचा करकर आवाज येत असतो. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या संध्याकाळचेच.

अकरा खुर्च्या अंगणातल्या फरशीवर मांडलेल्या होत्या आणि बारावी जागेअभावी पलीकडे चिकूखाली, गवतात. काकांनी खिशातून चुंबक काढला आणि हात पुढे केला.

"तू लाव. मी नाय लावणार."

ताई ओट्यावर उभी होती. वाटलं, नाही येणार. मग खाली आली, त्यांच्या तळव्यावरून चुंबक उचलला, पहिली खुर्ची उलटी केली आणि पायाला लावून हात सोडला. टप्‌. फरशीवर पडला. काका मान तिरकी करून उभे होते. दोन्ही हात पुढे, बोटं एकमेकांत गुंतत होती, सुटत होती. दुसरी. टप्‌. तिसरी. मी मोजत होते, काकांचे ओठही मोजत होते. ताई खुर्ची उलटी करताना आता खालून हातही फिरवत होती, टोकं बघत होती, घाई करत नव्हती. अकरा वेळा आवाज आला.

बारावीकडे जायला ती गवतात गेली. खुर्ची उलटी केल्याचं ऐकू आलं. मग काहीच आवाज आला नाही.

काकांची बोटं थांबली. पंचवीस वर्षांत ती थांबलेली मी बघितली नव्हती.

"लागला?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

गवतात पडलेला चुंबक मला दिसत होता. बोलणार होते, पण हे माझ्याकडून ऐकून त्यांचं भागलं नसतं. ताईने त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"पडला हो, काका," ती म्हणाली. "गवतात पडला म्हणून आवाज नाही आला."

काका तसेच पुढे आले, काठीशिवाय, खाली बसले आणि गवतात हात फिरवायला लागले. ताईही त्यांच्या समोर बसली. चुंबक तिच्या पायाशीच होता. तिने तो उचलला नाही, काकांच्या हाताला लागेपर्यंत तशीच बसून राहिली.